दिसतो त्याहून जड

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं भोपळ्याच्या कळ्यांची तोंडं बांधत होतो.

उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळीच ओळखू येते. तिचं हिरवं टोक पिवळं होतं आणि जरासं सैल पडतं, बोलावं की नको अशा विचारात असलेल्या माणसाच्या ओठांसारखं. तेवढ्यात टोकाला मऊ लोकर गुंडाळायची, म्हणजे सकाळी मधमाशी आपल्याआधी आत शिरत नाही. लोकर आईच्या विणकामातली असायची आणि न विचारता घेतलेली असायची.

"माझ्या स्वेटरची एक बाही तुमच्या वेलींवर गेली," आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली.

"वेलींना थंडी वाजत होती."

"मला वाजते ती बरी दिसत नाही तुम्हाला!"

बाबांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि निळ्या लोकरीचा आणखी एक तुकडा तोडला.

बाबांनी आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले. धान्याच्या दुकानातले मोठे, सोनाराकडचे नाजूक, इस्पितळात तान्ह्या बाळांना ठेवतात ते. सगळे त्यांना काटेवाले म्हणायचे. दुकान बंद केल्यावर त्यांनी घरामागच्या जमिनीत भोपळे लावायला घेतले. बाजारात मिळतात तसले नाहीत. चार माणसांना ताडपत्रीत घालून उचलावे लागतात, न्यायला ट्रॉली लागते आणि खायला घेतले तर तोंड वाकडं होतं, असले राक्षस. एका वेलीवर एकच फळ ठेवायचं, बाकीची कोवळी असतानाच खुडायची आणि उन्हाळाभर त्या एकाची चाकरी करायची. हंगामाच्या शेवटी स्पर्धा. तिथे काट्यावर चढायचं ते भोपळ्याने, पण श्वास रोखून धरायचे ते मालक.

मी दरवर्षी फुलांच्या आठवड्यात सुट्टी टाकून यायचे. नवऱ्याला आता सवय झाली होती. "वेलींचं लग्न आहे का?" एवढंच विचारायचा.

लग्नच ते, आणि लग्न जमवणं हे बाबांचं खरं काम. पाणी-खत कुणीही घालतं. कुठल्या बियांतून पुढे काय निघेल हे मात्र फूल उमलतं त्या सकाळी ठरतं. बीची आई कोण, हे शोधावं लागत नाही. ज्या फळाच्या पोटातून ती निघाली तेच तिची आई. बाप कोण ते एका मधमाशीला माहीत. म्हणून मधमाशीला बाहेर ठेवायचं, आपण निवडलेल्या वेलीचं नर फूल आणायचं आणि आपल्या हाताने पराग लावायचे.

त्या वर्षीचा प्रश्न महाराणीचा होता. महाराणी, पैलवान, कुबड्या ही नावं खरं तर आधीच्या हंगामांतल्या भोपळ्यांची, पण त्यांच्या बियांतून आलेल्या वेलींनाही तीच चिकटायची. महाराणी केशरी, गोल, देखणी. स्पर्धेत लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. पण तिचा एक दोष होता आणि तो बाबांना सलत होता. मोठ्या भोपळ्याला टेप लावून तीन बाजूंनी मापं घेतात, आणि त्या मापांवरून वजन किती भरावं याचा एक तक्ता असतो. महाराणी काट्यावर नेहमी तक्त्याच्या खाली उतरायची.

"पोकळ आहे," बाबा म्हणाले. घरातल्या कुणाबद्दल बोलावं तसं, हळू.

"हळू बोला, ऐकेल ती," कुंपणापलीकडून सुतारकाका म्हणाले. ते शेजारी, बाबांचे एकुलते एक प्रतिस्पर्धी आणि रोज संध्याकाळी आमच्या कुंपणावर कोपर टेकवून उभे राहणारे. "काटेवाले, डोकं काय खाजवताय? तिला पैलवान द्या. मोठ्याला मोठा. त्याच्याएवढं वजन इकडे कुणी बघितलंय का?"

"आणि कुबड्या?"

"कुबड्याला कोण मुलगी देतो हो!"

खिडकीतून आई म्हणाली, "पोटच्या पोरीचं लग्न ठरवताना एवढा खल केला नव्हता यांनी."

पोटची पोर तिथेच लोकर धरून उभी होती. "तिने मला विचारलं कुठे?" बाबा म्हणाले. "स्वतःच ठरवून आली. आणि चांगलं ठरवलं. मी मापंसुद्धा काढली नाहीत."

कुबड्याची गोष्ट सांगायलाच हवी. तो दोन हंगामांपूर्वीचा. एका बाजूला बसका, पाठीवर उंचवटा, रंग ओल्या पुठ्ठ्यासारखा. ट्रॉलीतून उतरवताना लोक हसले होते. टेप लावली तेव्हा तक्त्यातला आकडाही बेताचाच आला. मग तो काट्यावर चढला आणि हसणं थांबलं. आकडा तक्त्याच्या इतका वर गेला की परीक्षकांनी त्याला खाली उतरवून पुन्हा चढवला. पुन्हा तेच. काटा बिघडला असणार असं ठरलं, आणि काटा दुरुस्त करणारा माणूस गर्दीत आहे हे कुणाला तरी आठवलं. बाबांना बोलावलं. ज्याचा भोपळा, तोच काटा तपासणार. पण त्यांच्या तपासण्यावर शंका घेईल असा माणूस त्या मैदानात नव्हता. बाबांनी बाह्या वर केल्या, खाली वाकून सगळं बघितलं, ठेवणीतली वजनं ठेवून पडताळलं आणि उठून हात पुसले.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "भोपळाही."

कुबड्याला तेव्हा नंबर मिळाला नाही. जड असला तरी आकाराने लहानच. बाबांना त्याचं काही नव्हतं. घरी येईपर्यंत ट्रॉलीवर हात ठेवून चालत होते, जसं काही आत कुणी झोपलं आहे.

मला हा हात ओळखीचा होता. लहानपणी मी दुकानात गेले की ते मला उचलायचे, दोन्ही हातांत तोलायचे आणि समोरच्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "दिसते त्याहून जड आहे ही." मी काडीसारखी होते. गिऱ्हाईक हसायचं. मी मात्र दिवसभर पाय जरा दाबून टाकत चालायचे.

त्या संध्याकाळी महाराणीच्या वेलीवरची कळी बांधून झाली. बाबांनी पैलवानाच्या आणि कुबड्याच्या वेलींवरून लांब देठाच्या नर कळ्या कापल्या. त्या रात्रभर पाण्यात ठेवल्या की सकाळी घरातच उमलतात. पैलवानाच्या काचेच्या पेल्यात गेल्या, कुबड्याच्या कान तुटलेल्या मगात. दोन्ही स्वयंपाकघराच्या खिडकीत.

"मग ठरलं का?" मी विचारलं.

"सकाळी. फूल उमललेलं बघून सांगतो." मग मागे सरकून त्यांनी बांधलेल्या वेलीकडे, खिडकीकडे, सगळ्याकडे एकदा नजर टाकली आणि दरवर्षीचा प्रश्न विचारला. "कसं झालंय?"

"बरं झालंय," मी दरवर्षीचं उत्तर दिलं.

आमच्या घरात याच्या वरचा शब्द वापरात नव्हता. पुस्तकांत मी नाना शब्द वाचले, पण ते उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. बाबा समाधानाने मान हलवून जेवायला बसले.

उजाडताना आईने हाक मारली. तिने हाक इतक्या साध्या आवाजात मारली की मला आधी वाटलं, उशीर झाला, फूल उमललं.

हृदय झोपेतच थांबलं, असं डॉक्टर म्हणाल्या. त्रास झाला नसणार. चेहरा बघून तेच वाटत होतं. आई त्यांच्या उशाशी बसली होती आणि पांघरुणाचं टोक सारखं करत होती, एकदा, मग पुन्हा. मी पायाशी बसले. धाकटी आत्या निघाली होती, माझा नवराही निघाला होता. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"फूल उमललं असेल," आई म्हणाली.

"आई, आज?"

"मग कधी? ऊन चढलं की मिटेल ते. परत थोडंच उमलणार आहे."

"त्यांनी सांगितलं नाही गं कुठलं ते. सकाळी सांगतो म्हणाले होते."

"मग आता तू सांग."

"मला काय कळतं त्यातलं?"

"मला तरी काय कळतं? मी लोकर दिली." तिने पांघरुणावरचा हात उचलला नाही. "जा. मी आहे यांच्याजवळ. नाहीतरी त्या सवतीपुढे माझं कधी चाललंय?"

स्वयंपाकघरात सुतारकाका होते. बातमी कळताच आले होते आणि काय करावं न सुचून ओटा पुसत होते, स्वच्छ ओटा. खिडकीत पेला आणि तो कानतुटका मग तसेच होते. रात्रीतून दोन्हींतली फुलं उमलली होती, सारखीच पिवळी, सारखीच ताजी.

माझी नजर कुठे आहे ते त्यांनी बघितलं.

"पैलवान घे," ते म्हणाले. "ऐक माझं. कुबड्याचा वंश बेभरवशाचा. वेडंवाकडं वाढतं आणि मध्येच तडकतं. तडकलं की फळही गेलं, बियाही गेल्या. आणि आता दुसरी सकाळ नाही, पोरी. काटेवाल्यांच्या हातची ही शेवटची जोडी. तिच्यातून असा एक होऊ दे की लोकांनी वर्षानुवर्षं त्यांचं नाव काढावं."

ते खोटं बोलत नव्हते. बाबांच्या वेलीवरच्या शेवटच्या फुलाचं पुढे काय होणार, हे पुढच्या तासाभरात ठरणार होतं आणि ते मला ठरवायचं होतं. मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. त्यांतली माणसं जाताना मागे काहीतरी खूण ठेवतात. बाबांनी खूण ठेवली नव्हती. जाणार आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हतं. एक पेला आणि एक मग, एवढंच होतं.

मी दोन्ही उचलले आणि मागे गेले. काका माझ्यामागून आले.

बाबांच्या खोलीची खिडकी वेलींवर उघडते. ती आईने उघडून ठेवली होती. महाराणीची पानं दवाने जड झाली होती, छत्रीएवढी पानं, आणि त्यांच्याखाली ते फूल निळी लोकर ताणून बसलं होतं. एक माशी बाहेरून घिरट्या घालत होती. मी गुडघ्यांवर बसून लोकर सोडली. पाकळ्या एकदम मोकळ्या झाल्या. आतला पिवळा गोंडा चार भागांचा असतो, क्वचित पाच. हा पाच भागांचा होता. बाबांनी नक्की शिट्टी वाजवली असती.

फुलाखाली लिंबाएवढी, पिवळसर, गुळगुळीत गाठ होती. भोपळा. हातात न मावणारं सगळं त्यात होतं, किंवा नव्हतं. ते बघताना मला कालचा त्यांचा आवाज आठवला. पोकळ आहे. त्या आवाजात तक्रार नव्हती. आणि मग मला कळलं की मी कोडं म्हणून ज्याच्याकडे बघत होते ते कोडं नव्हतंच. मोठं वजन भरणाऱ्या कुणाचाही त्यांनी कधी हेवा केला नाही. माणूस, भोपळा, तान्हं बाळ, समोर काहीही आलं तरी त्यांची नजर एकच गोष्ट शोधायची: दिसतंय किती, आणि भरतंय किती. पैलवान जेवढा दिसायचा तेवढाच भरायचा. महाराणीला जे कमी होतं ते त्या बसक्या, पुठ्ठ्याच्या रंगाच्या भोपळ्यापाशी होतं, आणि बाबांनी ते सगळं मैदान हसत असताना ओळखलं होतं. एवढी नजर मी दुसऱ्या कुणाजवळ पाहिली नाही.

मी पेला बाजूला ठेवला.

"कुबड्या?" काकांनी विचारलं.

"कुबड्या."

ते नाक पुसून म्हणाले, "त्यांनीही हेच केलं असतं. म्हणून तर एवढे दिवस भांडत होतो." आणि खाली वाकून त्यांनी एका हाताने मोठं पान मागे धरलं, दुसऱ्या हातातल्या टोपीने माशी हाकलत राहिले.

मगातलं एक फूल घेऊन मी त्याच्या पाकळ्या खुडल्या. मध्ये परागांनी माखलेला दांडा उरला. बाबांचे हात मोठे होते, लोखंडी वजनं उचलून राठ झालेले. पण या एका कामात ते हात असे चालायचे, जणू झोपलेल्या बाळाच्या डोळ्यावरचा केस बाजूला करताहेत. घाई नाही, जोर नाही. पाचही भागांवरून एकदा, मग दुसरं फूल घेऊन पुन्हा. मी ते इतक्यांदा बघितलं होतं की माझ्या बोटांना विचारावं लागलं नाही. गोंड्यावर पिवळी भुकटी बसली. मी पाकळ्या जवळ घेतल्या, लोकर परत गुंडाळली, सैल गाठ मारली.

काकांनी पान सोडलं. आम्ही दोघं उठून मागे सरकलो. ऊन कुंपणाच्या वर आलं होतं.

"कसं झालंय?" काका म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही म्हणून, सहज.

"ब..." मी म्हणाले आणि थांबले.

समोर बाबांची खिडकी उघडी होती. आत आईचा हात पांघरुणावरून फिरताना दिसत होता. मी खिडकीकडे तोंड केलं. काका आहेत, आई ऐकते आहे, हे सगळं मला ठाऊक होतं.

"सुंदर झालंय, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "तुम्ही करायचात तेव्हाही सुंदरच व्हायचं. दरवर्षी."