शुक्रवारची चिंच

मी एक जुनी पितळी चौकट आहे. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातल्या एका घरात, समयांच्या ओळीत मी बसते. येणारेजाणारे मला देव्हाऱ्याचा तुटका भाग समजतात. मित्रांनो, माझा जन्म माणसाचे डोके स्थिर धरण्यासाठी झाला.

१९८१ साली समया ओतणाऱ्या सुब्रह्मण्य आसारींनी मला कुंभकोणममध्ये घडवले. मद्रासला मेंदूच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर नरसिंहराव मूळ इथलेच. परदेशी चौकट त्यांच्या रुग्णालयाला झेपत नव्हती, म्हणून ते आराखडा घेऊन आसारींकडे आले.

"केसाएवढी रेघ? समईला इतकं कोण बघतं, डॉक्टर?"

"इथे रेघ चुकली तर माणसाची वाचा जाते, आसारी."

आसारींनी तोंडातले पान थुंकले आणि दीड महिना दुसरे काम घेतले नाही. भिंग लावून माझ्या तिन्ही दांड्यांवर त्यांनी मिलिमीटरच्या रेघा कोरल्या.

माझे चार स्क्रू डोक्याला आवळले की, रेघा मोजून माझ्या कमानीवरची सुई मेंदूत ठरल्या जागी उतरे. तिथला दाण्याएवढा भाग जाळला की थरथरणारा हात शांत होई. माणूस जागाच असे, त्यामुळे मी खूप ऐकले. मोठमोठे वकील डोके भादरल्यावर आईला हाक मारत. एक तालीममास्तर "मला भीती नाही" असे अकरा वेळा म्हणाले, मी मोजले. अशी एकशे बारा डोकी मी धरली. बरे झालेले लोक डॉक्टरांना हात जोडत. माझ्याकडे वळून कोणी पाहिले नाही, असो.

मग स्कॅनचे यंत्र आले. पितळेमुळे त्यातले चित्र बिघडते म्हणे. हलकी, नवी चौकट आली आणि मी कपाटात गेले. १९८९ साली डॉक्टर निवृत्त झाले, तेव्हा मला पिशवीत घालून गावी घेऊन आले.

घरी त्यांची थोरली बहीण होती, भागीरथीअक्का. "अय्यो, किती काळी पडलीय बिचारी!" म्हणून तिने मला समयांबरोबर घासायला घेतले. दर शुक्रवारी चिंच, विटेची पूड, मग कुंकवाचा टिळा. खरे सांगते, मला ते आवडायचे. आठवड्यातून एकदा का होईना, कोणाचा तरी हात लागत होता.

सात वर्षांनी एका शुक्रवारी टिळा वाकडा लागला. पुढच्या शुक्रवारी तो दांडीवर ओघळला. अक्काचा उजवा हात थरथरत होता. औषधे झाली, पण थरथर वाढतच गेली. ताटातला भात तोंडापर्यंत पोचेना.

"मद्रासला दाखवू," डॉक्टर म्हणाले.

"मज मद्रास नको. परक्याच्या यंत्रात मी डोकं घालत नाही. ही घरची आहे ना? हिच्यात बसते."

डॉक्टरांचा एक शिष्य तंजावरला शस्त्रक्रिया करी. मला तिथे नेऊन त्याच्याशेजारी उभे राहायचे त्यांनी ठरवले. मित्रांनो, मी किती फुलले! एकशे तेरावे डोके, तेही घरचे.

डॉक्टरांनी भिंग घेतले. पहिली दांडी गुळगुळीत, एकही रेघ नाही. दुसरीही. फक्त भिंतीकडच्या तिसरीवर, जिथे अक्काचा हात नीट पोचत नसे, रेघा उरल्या होत्या. ते बराच वेळ बसून राहिले.

"अक्का, माझी नजर गेली. माझ्याच्यानं होणार नाही. मद्रासला चल."

"नजर गेली? सकाळी तर पेपरातल्या निधनवार्ता चष्म्याशिवाय वाचल्यास की रे!"

डॉक्टरांनी मान खाली घातली. अक्काने माझ्याकडे पाहिले, डॉक्टरांच्या हातातल्या भिंगाकडे पाहिले, मग स्वतःच्या चिंचेने रापलेल्या बोटांकडे.

"गाडी केव्हाची आहे?" एवढेच ती म्हणाली.

मद्रासला तिचे डोके नव्या चौकटीने धरले. महिन्याने ती परतली. पहिल्याच शुक्रवारी तिने हात पुढे धरला. तो देवळातल्या खांबासारखा स्थिर होता. मग तिने माझ्या तिसऱ्या दांडीला फडके गुंडाळले आणि बाकी मला लख्ख घासले.

"नरसू, नजर सुधारली का रे?"

 डॉक्टर डोळे पुसू लागले.

तेव्हापासून माझी एक बाजू काळी आहे. पाहुणे म्हणतात, "अक्का, एवढं राहिलं की घासायचं."

"राहू दे," ती म्हणते. "ती बाजू अजून कामावर आहे."

मला आता कोणी बोलावणार नाही, हे मला कळते. तरी एक मागणे आहे, मित्रांनो. जुनी वस्तू उजळायला घ्याल, तेव्हा तिच्यावर काय कोरले आहे ते आधी वाचा. आणि वाचून झाले की, थोडा वेळ तिच्यापाशी बसा.