राजनंदिनीच्या खुर्चीची रिकामी भोकं

मी एक जुनी खुर्ची आहे. पण बसून बसून झिजलेली नाही. मित्रांनो, माझं दुःख एवढंच आहे. माझ्या पुढच्या पायांना वरून खाली पाच भोकं आहेत. माझी गोष्ट त्या भोकांतूनच बघा.

सगळ्यात वरचं भोक

पारनेर तालुक्यातल्या एका शाळेत राजनंदिनी पहिलीत आली. तिला मान आणि पाठ सावरता येत नव्हती. वर्गात ती गोधडीवर आडवी असायची. तिला छताचे पत्रे दिसत, फळा दिसत नसे. तिचे गोरक्ष सर कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि तसेच आमोस सुताराकडं गेले.

आमोसमामांनी पोरीला मांडीवर घेऊन मापं घेतली. बाभळीची चौकट केली, दोन्ही बाजूंना गाद्या, समोर पाट, कमरेला जुन्या दप्तराचा पट्टा. पाय टेकायची फळी त्यांनी वरच्या भोकात आवळली आणि खाली आणखी भोकं पाडायला घेतली.

"ही कशाला, मामा?" सरांनी विचारलं.

"पोरगी काय एवढीच ऱ्हानार हाय का? वाढंल तशी फळी खाली घ्यायची. न्हाईतर पाय लोंबत्यात आन् पोरगी घसरती."

"म्हणजे पाचवीपर्यंतची सोय झाली की," सर हसले.

राजनंदिनी माझ्यात बसली. तिनं फळ्याकडं पाहिलंच नाही. शेजारच्या पोरींच्या तोंडांकडं पाहत राहिली. मग माझ्या पाटाची कड दातांनी चावली. आनंद झाला की ती चावायची. पुढं ती आपल्या हातानं खिचडी खाऊ लागली, निम्मी माझ्यावर सांडून. मला वाटलं, आपलं सगळं आयुष्य असंच चिकट जाणार.

दुसरं भोक

रिकामं.

नगरला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन होतं. माझा पहिला नंबर आला. टाळ्या झाल्या. साहेब म्हणाले, "आठ दिवस राहू द्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात. बाकीच्या शिक्षकांनाही शिकता येईल." सरांना नाही म्हणवलं नाही. पुढं त्यांची बदली राजूरकडं झाली.

माझ्या गळ्यात पाटी आली : बसू नये.

तिसरं भोक

हेही रिकामं.

शिक्षकांच्या तुकड्या यायच्या. शिकवणारे सर माझ्यात पाण्याचा जार ठेवायचे, त्याला पट्टा बांधायचे आणि म्हणायचे, "हे मूल आहे असं समजा."

"लई शांत हाय, सर, पोरगं," मागून कुणीतरी म्हणायचं आणि हशा पिकायचा.

जार गार असायचा. तो चावायचा नाही.

एकदा राजनंदिनीची आई, पूजाताई, एसटीनं आली.

"आठ दिस म्हन्ला हुता, साहेब. पोरगी परत गोधडीवर. शाळंचं नाव काढलं की रडती."

"ताई, मोठे साहेब मिटिंगला गेलेत. त्यांना विचारल्याशिवाय देता येत नाही. आणि ही मोडली, तर आम्ही शिकवायचं कशावर?"

पूजाताईनं पदरानं माझा पाट पुसला आणि ती गेली.

चौथं भोक

इथं सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. तेच तर सांगायचं आहे.

सगळ्यात खालचं भोक

यंदाच्या तुकडीत मोनिका बाई होत्या. जार बांधून झाला, सगळे हसले. त्या मात्र माझ्या पाटाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या.

"सर, इथं दातांचे वण आहेत."

"उंदरांचे असतील, मॅडम."

"उंदरांचे नाहीत. कोण बसायचं हिच्यात?"

कुणालाच माहीत नव्हतं. दारातून शिपाईमामा म्हणाले, "पारनेरकडनं आलीया ती. एक बाई आल्ती न्यायला. तशीच गेली बिचारी."

मोनिका बाईंनी पुन्हा त्या वणांवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "माझी शाळा तिकडचीच आहे. पाचवीच्या हजेरीत एक नाव मी रोज घेते. 'हजर' कुणी म्हणत नाही." आणि सरांकडं वळून, "सर, तो जार काढा."

मोठ्या साहेबांशी त्या काय बोलल्या, मला ऐकू आलं नाही. पण त्याच आठवड्यात मी टेम्पोत होते.

राजनंदिनी घराच्या दाराशी गोधडीवर होती. किती लांब झाली होती. आमोसमामा पाना घेऊन आले. गंजलेले नट त्यांनी तेल सोडून सोडवले. फळी दुसऱ्या भोकाला लावली, गुडघे पाटाला अडले. तिसऱ्याला लावली, तेच. शेवटी सगळ्यात खालच्या भोकात तिचे पाय जेमतेम टेकले.

"आता हिच्याखाली भोक न्हाई," मामा हळूच म्हणाले. "दुसरी करायला घेतो."

राजनंदिनीनं मान वाकवली. पाटाची कड शोधली आणि जुन्या वणांशेजारी चावली. आताचे दात मोठे होते.

मित्रांनो, मी तिला थोडेच दिवस पुरेन. मग तुमच्या शाळेत एखादं लहान मूल गोधडीवर दिसलं, तर माझी फळी पुन्हा वर घ्या. त्याला मधल्या एकेका भोकावर थांबू द्या, त्याच्या वाढीच्या बेतानं. मला जपायचंच असेल, तर पुसून ठेवू नका. मला चिकट राहू द्या.