लग्नाच्या आदल्या दिवशीचं मशीन

धाकट्या रंजीताचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. वैशाखाचं ऊन होतं, वऱ्हाड कारंज्याहून आलं होतं. नवरीची आई हिरीबाई मांडवात एवढी नाचली, की तिचा नवरा सेवादास शेवटी म्हणाला, "बस कर वं आता. नवरी तू नाई हायस."

त्यांचा थोरला बादल हळदीला उशिरा पोचला. वाशीमच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याला रोग्यांच्या फिल्मा साठवणाऱ्या मशीनमध्ये नवा प्रोग्राम घालायचा होता. काही बिघडलंच तर मागे जाता यावं म्हणून त्याने आधी मशीनचा स्नॅपशॉट घेतला, म्हणजे त्या घडीचं मशीन जसंच्या तसं राखून ठेवलं, मग प्रोग्राम घातला आणि तांड्याकडे गाडी पळवली. परत आल्यावर तो स्नॅपशॉट काढून टाकायचा होता. पण मशीन नीट चाललं होतं, म्हणून राहिला, आणि राहिला तो राहिलाच.

दसऱ्याच्या सुमाराला हिरीबाईच्या छातीत कळ आली. बादलच्याच दवाखान्यात तिच्या हृदयाच्या नळ्यांची हलती फिल्म काढली. सीडी मिळाली. "याडी, जपून ठेव," बादल आईला म्हणाला, आणि वर म्हणाला, "हारपली तरी फिकर नाई, कॉम्प्युटरमंधी हायच." हिरीबाईच्या लक्षात हे दुसरंच राहिलं. पौषात ज्वारी दाण्यावर आली, पाखरं पडायला लागली, तेव्हा तिने ती सीडी दोऱ्याला बांधून शेतात टांगली. चकाकायची मोठी छान. शेजारच्या रुपाबाईने तर, मलेही एक आणून दे, म्हणून तगादा लावला होता.

जानेवारी सरता सरता हिरीबाई अंगणातच खाली बसली ती उठेना. अकोल्याला नेली. तिथले सर्जन म्हणाले, ऑपरेशन दोन-तीन दिवसांत व्हायला हवं, पण फिल्म पाहिल्याशिवाय हात लावता येणार नाही. फिल्म नव्याने काढायची तर नळ्यांत औषध सोडावं लागतं, आणि तिच्या थकलेल्या किडनीला ते सोसणार नाही. धाकट्या मुलाने, किशनने, शेतातली सीडी सोडून आणली. उन्हादवाने तिचा आरसा पार उडाला होता, कॉम्प्युटरवर ती उघडेना. मग किशन आईपाशी थांबला आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सेवादास गुरुवारी सकाळच्या एसटीने वाशीमला आला.

बादल एका थंडगार खोलीत पडद्यासमोर बसला होता. दाढी वाढलेली.

"बा, मशीन कालपासून बंद हाय."

"मंग चालू कर ना बापा."

"जागाच नाई उरली. ह्या एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात सात कॉम्प्युटर चालतात. डिस्क साऱ्याइची एकच. फिल्मांच्या मशीननं ती भरून टाकली."

"फिल्मांनं?"

"माह्या स्नॅपशॉटनं." बादल खाली बघत म्हणाला. "घेतला तवा त्याचं वजन काहीच नव्हतं. मले वाटलं, राहू दे, काय खाते तो? पन स्नॅपशॉट घेतला का जुनी डिस्क तशीच कुलपात राह्यते. त्यानंतर जे काही नवं येते, जे काही बदलते, ते सारं बाजूले लिहिल्या जाते. नऊ महिने बाजूलेच लिहिल्या गेलं."

सेवादासने विचार केला. "म्हंजे आपन ऊसतोडीले जातो तसं. दिवाळीले घराले कुलूप. मंग आपलं जे काही येईल ते रुपाबाईच्या पडवीत."

"तसंच. आन नऊ महिन्यांत पडवी फुटाले आली."

"दुसरीकडं नक्कल नाई ठेवली?"

"बॅकअपचा डबा होता. रोज बदललेलं तेवढंच जाते म्हनून लहान घेतला. पन इथं बदलच एवढा, का डबा पोळ्यालेच भरला. भरल्याचे निरोप येत होते. मी पायले नाई."

याडीची फिल्म दसऱ्याची. म्हणजे ती डब्यात नव्हती, हे सेवादासला कोणी सांगावं लागलं नाही.

तेवढ्यात दवाखान्याचे मॅनेजर बबनराव आत आले. "काय बादल? बाहेर जत्रा भरली. लोक मले खाऊन राह्यले."

"साहेब, सातातलं एक फालतूचं मशीन उडवून जागा केली. आता पडवीतलं सामान घरात लावून राह्यलो." बापाची भाषा त्याच्या तोंडात बसली होती. "मधात थांबवता येत नाई. थांबवलं तर अर्धं घरात, अर्धं बाहेर."

"अन् ते लग्नाच्या आदल्या दिवशीचं मशीन? ते तर तू म्हने लगेच चालू होते."

"होते साहेब, दहा मिनटात. पन मंग त्यानंतरचं कोनीच त्यात नाई. माही याडीबी नाई."

बबनरावांनी सेवादासकडे पाहिलं, खुर्ची ओढून दिली, आणि बाहेर जाऊन लोकांची बोलणी खात उभे राहिले. थोड्या वेळाने चहा आला.

सेवादासच्या डोक्यातून मात्र ते मशीन जाईना. त्यात हिरीबाईची फिल्म नव्हती, कारण त्या दिवशी तिला काही झालंच नव्हतं. ती उद्याच्या नाचासाठी घागऱ्यावर आरसे टाकत बसली होती. दहा मिनिटांत चालू होतं म्हणे.

गुरुवारी संध्याकाळी पडद्यावर एकोणीस टक्के होते. शुक्रवारी दुपारी चोपन्न. सेवादासला आकडे वाचता येत होते, म्हणून तो आकडेच वाचत बसला. किशनचा फोन यायचा.

"बा, याडी इचारून राह्यली, तुमी कुठं गेले म्हून."

"सांग, तिची फिल्म आनाले गेले."

"ते सांगतलं. ती म्हन्ते, फिल्मीले मारा गोळी, तुमी या."

"येतो म्हनाव. होतच आलं."

रिकाम्या हाताने जाऊन तिच्यासमोर काय उभं राहायचं, असं त्याला वाटत होतं. आणि इथे बसून तरी त्याच्याने काय होत होतं? ऊस असता तर कोयता घेऊन फडात उतरला असता. बादलही बसूनच होता. करायला काहीच नव्हतं, आणि ते सोडून उठताही येत नव्हतं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता नव्व्याण्णव झाले. सेवादासने चपला घातल्या.

"बा, बसा. शेवटचं एकच लय वेळ घेते."

"किती?"

"सांगता येत नाई."

बारा वाजले, दोन वाजले. नव्व्याण्णवच. सव्वाचारला किशनचा फोन आला. नुसता रडण्याचा आवाज आला. सेवादासने फोन बादलच्या हातात दिला. बादलने ऐकलं आणि तो उठून उभा राहिला.

"चला बा. मी गाडी काढतो."

"तू बस," सेवादास म्हणाला. "बाकीच्याइच्याबी फिल्मा हायेत त्यात. मी एसटीनं जातो."

मशीन संध्याकाळी सहाला चालू झालं. सगळ्या फिल्मा होत्या, हिरीबाईचीही होती.

हिरीबाई सेवादास राठोड शनिवार, तीन फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, अकोल्याला वारली.