हॉबर्टचा पाटा

शर्यतीचा दिवा हिरवा झाला की रेथा स्टॅम्परची पिवळी गाडी जागच्या जागी नाचायची. मागचं उजवं चाक नुसता धूर काढायचं, आणि तोवर शेजारची गाडी अर्धी पट्टी ओलांडून गेलेली असायची. तिचा नवरा हॉबर्ट चालवायचा तेव्हा असं होत नसे. तो जाऊन दोन वर्षं झाली होती आणि केंटकीतल्या त्या पाव मैलाच्या पट्टीवर रेथाने एकही शर्यत जिंकली नव्हती.

गाडीवर डोळा होता दिराचा, डेल्मरचा. एप्रिलमध्ये त्याने फारच डिवचलं, तेव्हा रेथा तिरीमिरीत बोलून बसली, की सप्टेंबरच्या शेवटच्या शर्यतीत हरवा मला आणि किल्ली घेऊन जा. शब्द चारचौघांत गेला होता. आता माघार नव्हती.

सल्ल्यांना काही तोटा नव्हता. डिकीत वाळूची पोती टाक, टायर रुंद घे. तिने दोन्ही केलं. मागचा एक्सल पिळू नये म्हणून खालून लोखंडी दांड्याही बसवल्या. उड्या थांबल्या, पण उजवं चाक काही जमीन धरेना. राहिले होते ते मागच्या स्प्रिंगचे पाटे, चाकांवर गाडी तोलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. ते हॉबर्टने स्वतः बसवलेले, आणि गेलेल्या माणसाची जोडणी खोलायची नाही ही तिथली रीत. रेथालाही ती मोडवत नव्हती. त्याच्या हातचं दुसरं उरलं होतं काय?

शर्यतीला चार दिवस राहिले तेव्हा ती गाडीखाली शिरली आणि पाटे मोजले. उजवीकडे पाच, डावीकडे सहा. तिने पुन्हा मोजले आणि तिला हसूच फुटलं. हॉबर्ट तीनशे दहा पौंडांचा गडी. तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे; तो त्यामागे बसला की गाडी कलायची, म्हणून पठ्ठ्याने त्या बाजूला एक पाटा वाढवला होता. रेथा जेमतेम एकशे वीस पौंडांची. तो जादा पाटा आता डावी बाजू उगाच उचलत होता आणि उजव्या चाकावरचा भार पळवत होता. दोन वर्षं गाडी हॉबर्टचीच वाट पाहत होती. हसता हसता रेथाचे डोळे भरले. मग तिने पाना उचलला आणि तो पाटा काढून उजव्या बाजूला चढवला, म्हणजे सुटताना हलकं पडणारं ते चाक जमिनीवर दाबलं जाईल.

शनिवारी दुपारी, शर्यतीच्या तोंडावर, डेल्मरला कुठूनसं कळलंच.

"वहिनी, दादाचे पाटे खोललेस? त्याला काय वाटलं असतं?"

"वाटलं असतं, दोन वर्षं काय झोपली होती का ही. घोडामैदान जवळच आहे भावजी, बसा गाडीत."

दिवा हिरवा झाला. पिवळीने नाक वर उचललं, मागून बूड टेकलं आणि दोन्ही चाकांनी जमीन घट्ट धरली. धूर नाही, नाच नाही. रेथाची पाठ सीटला चिकटली ती शेवटच्या रेषेपर्यंत. डेल्मरची गाडी तिला आरशातच दिसली, चांगली दीड गाडी मागे. ती एकटीच मोठ्याने ओरडली.

डेल्मर आला तो थेट पाठीवर आडवा होऊन गाडीखाली सरकला. बोट ठेवत त्याने दोन्हीकडचे पाटे मोजले.

"दादाचा पाटा उजवीकडे कसा?"

रेथाने किल्ली खिशात टाकली.

"आता गाडी मी चालवते. तो शेजारी बसतो."