टोपलं कोण नेणार?

एप्रिलच्या उन्हात स्वेटर घेणं म्हणजे वेडेपणा, हे शहागंजातल्या त्या दुकानदाराने मला सांगायची गरज नव्हती. तरी तो हसलाच. "अम्मा, इत्ती गर्मी में स्वेटर? कहां जाना है?"

"माझी पोरगी आयर्लंडला चालली. तिथं थंडी असती. जाड दाखवा," मी म्हटलं. भाव करायच्या आधी असं काही सांगायचं नसतं, दुकानदार लगेच शेफारतो. पण मला राहवत नव्हतं. सोनियाने माझ्या दंडाला चिमटा काढला.

सोनिया माझी एकुलती एक. इथल्याच, छत्रपती संभाजीनगरच्या एका संस्थेने तिचं नाव पाठवलं होतं आणि बेलफास्ट नावाच्या शहरात दीड महिन्याच्या प्रशिक्षणाला तिची निवड झाली होती. जिथे माणसं एकमेकांच्या जिवावर उठली अशा भागांतली तरुण पोरंपोरी तिथे जगभरातून येणार होती. गाव कसं सांधायचं, लोकांना बरोबर घेऊन कसं चालायचं, ते त्यांना शिकवणार होते. मराठवाड्यातून जागा एकच. ती हिला मिळाली. सोमवारी विमान होतं आणि आज शनिवार. संस्थेच्या मनस्विनीताईंनी सकाळी तिकीट हातात ठेवलं तेव्हा मी ते उलटंसुलटं करून तीनदा बघितलं. अक्षर वाचता येत होतं, विश्वास बसत नव्हता.

आमच्या गावात असं काय घडलं होतं, ते सांगायला हवं. आमचं गाव देवगाव रंगारीच्या पुढे, फाट्यावरून आत. वरची आळी आम्हा मराठ्यांची, खालची माळ्यांची. दोन्ही आळ्या एकेका आडनावाच्या, म्हणजे आळी तेवढी सगळी भावकीच. दोन वर्षांपूर्वी आरक्षणावरून रान पेटलं. आमच्या पोरांना हक्क पाहिजे होता, त्यांच्या पोरांना आपल्या ताटातलं जाईल अशी धास्ती होती. दोन्हीकडची पोरं बेकारच, पण ते बोलून दाखवायची तेव्हा सोय नव्हती. एका संध्याकाळी मारुतीच्या पारापाशी दगडफेक झाली. हे, म्हणजे सोनियाचे वडील, शेतातून गवताचा भारा घेऊन घरी येत होते. ना मोर्चात, ना घोषणेत. दगड डोळ्यावर बसला आणि तो डोळा गेला. दगड कुणाचा, ते पोलिसांना काही ठरवता आलं नाही. गाव मात्र म्हणत होतं, कचरू माळ्याच्या धाकट्या पोराचा. मीही तेच म्हणत होते, आणि पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून मोठ्याने म्हणत होते.

त्यानंतर त्यांचं किराणा दुकान आम्हाला बंद, आमची पिठाची गिरणी त्यांना बंद. तेही निभलं. एक गोष्ट मात्र निभेना. आमच्याकडे मयत झाली की त्या घरात चूल पेटत नाही. भाकरी बाहेरून यावी लागते आणि आणणाऱ्याने पहिला घास आपल्या हाताने घरच्यांना भरवायचा असतो. कडू घास म्हणतात त्याला. भावकी सुतकात, तिच्या हातचं चालत नाही. म्हणून वरच्या आळीत कुणी गेलं की भाकरी खालून यायची आणि खाली कुणी गेलं की वरून जायची. भांडणानंतर ते थांबलं. माझे सासरे वारले तेव्हा आम्ही ढाब्यावरून आणलेली शेवभाजी खाल्ली, प्लास्टिकच्या पिशवीतून. भरवायला कुणी नव्हतं. सासूबाई पिशवीची गाठ सोडता सोडता रडायला लागल्या, आणि त्या माणसासाठी रडतात की त्या पिशवीपायी, हेच मला कळेना.

सोनियाने ते बघितलं. ती उठली आणि खालच्या आळीतल्या सोमनाथला जाऊन भेटली. हा कचरूचा पुतण्या, देवगावच्या कॉलेजात तिच्याच वर्गातला. दोघांनी नियम केला. ज्या आळीत मयत, तिथल्या एकाने सोबत करून दारापर्यंत न्यायचं आणि दुसऱ्या आळीतल्या एकाने टोपलं घेऊन जायचं. एकट्याने कुणी जायचं नाही. सुरुवातीला दोघांनी दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. पण उपाशी घर किती वेळ दार लावून बसणार? टोपलं सुरू झालं. मग गिरणी उघडली, मग दुकान.

भाकरी मीच थापून द्यायचे. पण खालच्या आळीत मी पाऊल टाकलं नव्हतं. भाकरी थापणं वेगळं आणि त्या लोकांच्या उंबऱ्यात जाणं वेगळं, असं मी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

स्वेटर घेऊन आम्ही गुलमंडीत रस प्यायला बसलो. सोनिया नुसती ग्लास फिरवत होती.

"आई, मी गेल्यावर टोपलं कोण नेणार?"

"आपल्या आळीतली श्रेया नेईल की."

"तिचं लग्न ठरलंय. सासरचे नाय म्हणले."

"मग दुसरं कुणीतरी नेईल."

"आपल्या आळीत सगळ्यांना विचारून झालं." तिने माझ्याकडे बघितलं. "तू ने ना."

"मी नाय," मी म्हटलं. "तुझ्या बापाचा डोळा ज्यांनी घेतला त्यांच्या दारात मी जायची नाय. भाकरी देते तेच लई झालं."

ती वाद घालत नाही, हाच तिचा मोठा दुर्गुण. वाद घातला असता तर मी जिंकले असते. ती एवढंच म्हणाली, "दीड महिन्यात कुणी ना कुणी जाणारच, आई. टोपलं एकदा थांबलं की परत सुरू नाय होत. मग मी तिकडं शिकून येऊन करू काय?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सोमनाथ होता. त्याचा चुलता, कचरू, सकाळी मळ्यात पाणी देता देता छातीत कळ येऊन गेला होता.

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते चांगलं नव्हतं. मग त्याच्या बायकोचं, आवडाबाईचं तोंड डोळ्यांपुढे आलं. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात नांदायला आलो होतो.

एसटीने देवगाव आणि तिथून काळी-पिवळी जीपने फाट्यावर उतरलो, तर समोर हा मोठा फ्लेक्स. 'समाजाची वाघीण! कु. सोनिया हिची परदेशात निवड झाल्याबद्दल समस्त समाजबांधवांतर्फे हार्दिक अभिनंदन!' सोनियाचा फोटो पासपोर्टचा, एका कोपऱ्यात. मधोमध गॉगल लावलेला माझा धाकटा दीर सांडू, तिच्या चौपट. त्याला पुढच्या वेळी जिल्हा परिषद लढवायची आहे, हे आंधळ्यालाही कळलं असतं. सांडू तिथेच कमरेवर हात ठेवून आपलाच फोटो बघत उभा होता.

"काका, हे कधी लावलं?" सोनियाने विचारलं.

"सकाळीच. अजून दोन लावणार हाय, देवगावला बी."

"कचरूकाकांना इकडून नेलं?"

"मसणवाट्याचा रस्ता हाच हाय, पोरी. दुसरीकडून कुठून नेतील?"

"आणि ह्यात सोमनाथ कुठंय?"

"त्याचा काय संबंध? त्यो त्यांचा हाय."

सोनिया घराच्या वाटेला लागली. घरी आलो, मी भाकरी थापल्या, पिठलं टाकलं. ती टोपलं घेऊन सोमनाथबरोबर खाली गेली आणि गेली तशीच परत आली. वरचं फडकंसुद्धा कुणी उचललं नव्हतं. आवडाबाईने दारातूनच सांगितलं होतं, समाजाच्या वाघिणीची भाकर आमच्या घशाखाली उतरायची नाय. सोमनाथने चुलतीच्या पाया पडून बघितलं, उपयोग झाला नाही.

सोनियाने टोपलं ओट्यावर ठेवलं, पाय धुतले आणि म्हणाली, "आई, मी उद्या मनस्विनीताईंना फोन करते. मी जात नाय. हितलं तुटलेलं टाकून जोडायचं शिकायला कोणत्या तोंडानं जाऊ?"

रडली असती तर मी समजूत घातली असती. पण तिचं ठरलेलं होतं, आणि ती कुणाची लेक आहे हे मला माहीत होतं.

मला एकदम सगळ्यांचा राग आला. सांडूचा आला, आवडाबाईचा आला, मेलेल्या कचरूचासुद्धा आला. दोन दिवस दम धरवला नाही त्याला? आणि सगळ्यात जास्त माझ्या लेकीचा आला, कारण ती खरं बोलत होती. राग आला की माझे हात काम शोधतात. मी कोनाड्यातला विळा घेतला.

हे ओट्यावर बसले होते. "कुठं निघाली?"

"फाट्यावर."

त्यांनी विळ्याकडे बघितलं. "शिडी लागंल," म्हणाले, आणि उठून शिडी खांद्यावर घेतली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस मला इतका कधी आवडला नव्हता.

त्यांनी शिडी धरली, मी पदर खोचून वर चढले आणि दोऱ्या कापल्या. सांडू ओरडत आला. "वैनी! समाजाचा अपमान हाय ह्यो! लोक वाळीत टाकतील तुमाला!"

"भाऊजी, फाडला नाय. घडी घालून देते, घरात लावा."

"दादा, तू तरी सांग हिला!"

"टाकू दे वाळीत," हे म्हणाले. "एकमेकाला टाकून टाकून आता गावात उरलंय कोण?"

घरी येऊन मी टोपलं उचललं. भाकरी गार झाल्या होत्या, पण कडू घास दिवस मावळायच्या आत द्यावा लागतो. सोनिया चप्पल घालायला लागली.

"तू नाय," मी म्हटलं. "वरून एक आणि खालून एक. नियम तुझाच हाय ना? सोमनाथला बोलाव."

सोमनाथ पुढे, मी मागे. पारापाशी आले आणि माझे पाय थांबले. गवताचा भारा पडला होता तो इथेच. ह्यांच्या बोटांतून रक्त गळत होतं ते इथेच. सोमनाथने मागे वळून बघितलं. "काकू, परत जायचं का?"

"चल पुढं," मी म्हटलं.

खालच्या आळीत दारादारात बायका उभ्या होत्या. आवडाबाई भिंतीला टेकून बसली होती, कपाळ मोकळं. मला बघून तिने तोंड फिरवलं.

"टोपलं परत ने. त्या फ्लेक्सखालून नेलं माझ्या माणसाला."

"उतरवला तो. मीच कापला. वाघीण-बिघीण कुणी नाय, माझी पोरगी हाय ती. तुझ्या अंगणात परकर घालून खेळलेली."

"मग ती का नाय आली?"

"ती आली व्हती, तू हाकललीस. आता मी आले. आवडे, मला तुझ्या दारात यायची हौस नव्हती, हे तुला बी ठाऊक हाय. पण सकाळपासून ह्या घरात कुणाच्या पोटात काय नाय. तुमी खाल्ल्याबिगर मी हितून उठायची नाय." आणि मी उंबऱ्याच्या आत जाऊन बसलेच.

आवडाबाई माझ्याकडे वळली. मग तिचा चेहरा एकदम मोडला आणि तिने तोंड उघडलं. मी पहिला घास तिला भरवला. मग तिच्या थोरल्याला, मग सुनेला. शेवटी राहिला धाकटा. कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसला होता. दोन वर्षं मी ज्याच्या नावाने बोटं मोडली, तो एवढासा दिसत होता. मी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने तोंड उघडलं नाही.

"काकू, आधी ऐका," तो म्हणाला. "दगड मीच मारला व्हता. काकाला मारायचा नव्हता, पण मारला मीच. बापाला सुदिक खोटंच सांगितलं. त्यो तसाच गेला."

आवडाबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

हे एक वाक्य मला दोन वर्षं पाहिजे होतं. ते ऐकलं की काय काय करीन, त्याची मी रोज भाकरी थापताना उजळणी केली होती. आणि ते मिळालं तेव्हा माझ्या हातात घास होता. तो त्याच्या तोंडावर फेकून मी उठले असते तर वरच्या आळीत एकाने मला नावं ठेवली नसती, आणि खालच्या आळीतही नसती. फक्त सोनियाने सकाळी मनस्विनीताईंना फोन केला असता.

हात मी खाली घेतला नाही.

"हे मला सांगून भागायचं नाय," मी म्हटलं. "उद्या घरी ये. काकापुढं उभं राहून त्यांना सांग."

त्याने मान हलवली.

"येशील?"

"येतो."

"मग तोंड उघड."

त्याने उघडलं. मी घास घातला. त्याला तो गिळवेना, म्हणून पाण्याचा तांब्याही मीच लावला. माफ केलं असं मी म्हटलं नाही. अजूनही म्हटलेलं नाही.

घरी आले तेव्हा बापलेक दोघं दारातच उभे होते. सोनियाने रिकामं टोपलं माझ्या हातातून घेतलं.

"खाल्लं त्यांनी?"

"सगळ्यांनी खाल्लं. त्या धाकट्यानं बी."

हे आपल्या एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले. त्यांना जे ऐकायचं होतं ते सांगायला उद्या तो पोरगा येणार होता. ते काम त्याचं होतं. माझं काम वेगळं होतं.

"सोनिया," मी म्हटलं, "परवा विमान हाय. बॅग भरायला घे. दहाव्यापर्यंत त्या घरात टोपलं मी नेणार हाय, आणि त्याच्यापुढं बी मीच."