चुंबळ बोगदा

देक-सूने ब्रेक दाबला आणि बोगद्याच्या तोंडापासून शंभरएक पावलांवर गाडी उभी केली. मागचे बावीस डबे एकमेकांवर आदळत थांबले, आणि लगोलग छपरांवरून आरडाओरडा सुरू झाला. वोनजू सोडून तासही झाला नव्हता. मागे डोंगराआड तोफा वाजत होत्या, आणि अशा वेळी हा ड्रायव्हर भर रानात गाडी थांबवतो म्हणजे याचं डोकं ठिकाणावर नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.

"आता काय?" फायरमन गिल-नामने फावडं टेकवत विचारलं. पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं याच मार्गावर कोळसा ओढत होता. देक-सूला इथे येऊन तीन आठवडेच झाले होते. डिसेंबरात उत्तरेकडून माघार घेताना इंजिनासकट तो इकडे येऊन पडला होता.

"वाफ किती आहे?"

"या कोळशावर? हा कोळसा नव्हे, काळी माती आहे. अर्धा तास उभं राहून भट्टी फुलवली तर काटा वर चढेल."

"आणि तसंच शिरलो तर?"

गिल-नामने बाहीला नाक पुसलं. "मागच्या आठवड्यात एक जण शिरला होता तसाच, रेंगाळत. बाहेर आला तेव्हा छपरांवर नुसती गाठोडी होती."

या बोगद्याला त्या भागातली माणसं चुंबळ बोगदा म्हणतात. बायका डोक्यावर घागर घेताना जी चुंबळ ठेवतात, तिच्यासारखेच रूळ डोंगराच्या पोटात एक अख्खा फेरा मारतात, आणि गाडी जिथे शिरली त्याच डोंगरावर, तीस-चाळीस पुरुष उंच जाऊन बाहेर पडते. चढ सारखा, वळण सारखं, धुराला जायला जागा नाही. डब्यात दारं लावून, तोंडावर ओलं फडकं धरून माणूस तग धरू शकतो. छपरावरच्याला काही आशा नाही. आणि देक-सूच्या गाडीच्या छपरांवर तीनशेच्या वर माणसं होती. कोणी दोरीने स्वतःला बांधून घेतलेलं, कोणी पोराला, कोणी शिवणयंत्राला.

गार्ड ह्वांग बर्फातून धडपडत इंजिनापाशी आला. "थांबलात कशाला? मागून तासाभरात जखमींची गाडी येतेय. अंधार पडायच्या आत जेचोन गाठायचंय."

"छपरावरच्यांना खाली उतरवतो. डोंगरावरून पायवाट आहे. चाळीस मिनिटांत वरच्या तोंडाशी पोचतील. तिथे त्यांना घेऊ."

"छपरावर बसा म्हणून आमंत्रण दिलं होतं कोणी?" ह्वांग म्हणाला, पण त्याचा आवाज बोलता बोलता उतरला. तो दुष्ट माणूस नव्हता. चार दिवस झोपला नव्हता एवढंच.

देक-सू कोळशाच्या ढिगावर चढला. दोन्ही हातांचा कर्णा करून त्याने सगळं समजावून सांगितलं: बोगदा, धूर, पायवाट, वरचं तोंड. छपरांवर कोणीतरी मोठ्याने हसलं.

"वा रे शहाणा!" पहिल्याच डब्यावरचा एक दाणेवाला उभा राहिला. डोक्यावर फेल्टची हॅट, तीवर शाल गुंडाळलेली. "आम्ही उतरायचं, आणि हा गाडी हलकी करून पसार!"

"गेल्या उन्हाळ्यात सरकारनेही असंच सांगितलं होतं," एक बाई ओरडली. "काळजी करू नका, घरी बसा म्हणे. आम्ही बसलो घरी, आणि त्यांनी नदीवरचा पूल उडवला!"

"मी थांबेन. शब्द देतो."

"शब्द काय पातेल्यात घालून शिजवायचा? या गाडीत तुझं कोण आहे ते सांग. बायको? पोरं? कोण आहे?"

देक-सूला खोटं बोलता आलं असतं, पण ते वेळेवर सुचलं नाही. 'कोणी नाही' हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते. या माणसांचं काही चूक आहे असंही त्याला वाटेना. त्यांच्या जागी तो असता तर तोही उतरला नसता.

"मी आहे ना."

दाणेवाल्याच्या मागून एक म्हातारी बोलली. अंगाभोवती रजई, कंबरेला दोरी, पांढऱ्या घागऱ्याचा धुराने राखाडी झालेला काठ. ती दोरीची गाठ सोडत होती, आणि ती सुटत नव्हती म्हणून वैतागली होती.

"मी आहे. आई आहे मी त्याची. आता बघत काय बसलात, गाठ सोडा कोणीतरी!"

देक-सूने या बाईला जन्मात पाहिलं नव्हतं.

दाणेवाल्याने डोळे बारीक केले. "ड्रायव्हरची आई? मग छपरावर थंडीत का कुडकुडताय?"

"सून आत बसलीय," म्हातारी म्हणाली. "आणखी काही विचारायचंय?"

तीन-चार डब्यांवर हशा पिकला. हे मात्र सगळ्यांना पटलं. एक बाई तर हसता हसता डोळे पुसायला लागली. म्हातारीने देक-सूकडे पाहून हात हलवला. "अरे ए, टोपी नीट घाल आधी. कान उघडे टाकून भाषणं ठोकतोय. मी वर चालत जाते, समजलं का? वर थांब, पुढे जाऊ नकोस."

"हो, आई," देक-सू म्हणाला, आणि त्याने खरोखरच टोपी कानांवर ओढली.

"झालं तर मग," दाणेवाल्याने आपली दोरी सोडायला घेतली. "आईला सोडून कोण जातंय?"

हे वाक्य मग छपरांवरून मागे मागे गेलं. ड्रायव्हरची आई चालत निघालीय. तिला सोडून तो जातोय कुठे? माणसं उतरू लागली.

देक-सू खाली येऊन इंजिनात उभा राहिला. गिल-नामने एकदा त्याच्याकडे पाहिलं. याचं लग्न झालेलं नाही आणि याचं घर तिकडे उत्तरेत, सारिवोनला आहे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. भट्टीचं दार उघडून त्याने तोंड आत वळवलं.

सारिवोनच्या घरामागूनच रूळ जातात. माघारीच्या दिवसांत देक-सू जखमी शिपाई भरलेली गाडी घेऊन तिथून गेला, तेव्हा घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. आई चुलीपाशी असणार, भात चढवलेला असणार. दोन मिनिटं पुरली असती. त्याचा हात ब्रेककडे गेलाही होता. शेजारी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने नुसतं म्हटलं, "थांबायचं नाही." देक-सूने शिटीची दोरी ओढली आणि धूर दिसेनासा होईपर्यंत धरून ठेवली. नंतर तिकडचा मुलूखच हातचा गेला. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

पायवाटेवर माणसांची रांग लागली. बायकांच्या डोक्यावर बोचकी, पुरुषांच्या पाठीवर म्हातारे, आणि शिवणयंत्रवाला यंत्र घेऊनच निघाला. लोकांनी म्हातारीला मान म्हणून सगळ्यांच्या पुढे काढलं होतं. थोड्याच वेळात ती मधे आली, मग मागे पडली.

अर्ध्या तासाने काटा वर चढला. ह्वांग इंजिनातच येऊन उभा राहिला. तिघांनी तोंडाला ओली फडकी बांधली आणि गाडी बोगद्यात शिरली.

आत बोलणं शक्य नव्हतं. दिवा हातभर अंतरावरही दिसत नव्हता. गिल-नाम अंदाजानेच फावडं मारत होता, आणि मधेच गुडघ्यांवर बसून जमिनीलगतची हवा घेत होता. चाकं दोनदा घसरली. देक-सूने रुळांवर वाळू सोडली, थांबून मनात दहा आकडे मोजले, पुन्हा सोडली. छपरांवर माणसं असती तर, हा विचार त्याने मनात येऊ दिला नाही.

उजेड दिसू लागला तसा ह्वांगने फडकं खाली ओढलं आणि त्याच्या कानाशी तोंड आणलं.

"देक-सू, ऐक माझं. वर चढ आहे. डब्यांत आठशे माणसं आहेत. इथे थांबलो आणि गाडी हललीच नाही, तर मागची जखमींची गाडीही अडकेल. तीनशेंसाठी किती जणांचा जीव टांगणीला लावणार?"

त्याचा हिशोब बरोबर होता. देक-सूने गिल-नामकडे पाहिलं.

"खात्री मी देणार नाही," गिल-नाम खोकत म्हणाला. "थांबलास तर गाडी पुन्हा हलेल, कदाचित नाहीही हलणार."

गाडी बाहेर आली. बर्फावरचा उजेड डोळ्यांत खुपला. रुळांच्या कडेला पंधरा-वीस माणसं पोचली होती, बाकीची खाली झाडांमधून येताना दिसत होती. कोणी हात हलवत नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं. ती नुसती इंजिनाकडे बघत उभी होती, आणि ते बघणं देक-सूला सोसवेना.

"थांबायचं नाही," ह्वांग म्हणाला.

देक-सूने ब्रेक लावला.

मग मात्र ह्वांगच खाली उडी मारून माणसांना हात देऊन वर चढवू लागला. पोरं आधी, मग बोचकी. जागेवरून भांडणं झाली, ती जागच्या जागी मिटली. गिल-नामने दोन धडधाकट माणसांना हाताशी घेतलं आणि चाकांपुढच्या रुळांवरचा बर्फ खरवडून तिथे राख पसरायला लावली.

दाणेवाला आपल्या जागी बसला आणि मान उंचावून त्याने पायवाटेकडे पाहिलं. मग तो एकदम उभा राहिला.

"ड्रायव्हरभाऊ! तुमची आई?"

"आई राहिली! आई मागे राहिली!" बाकीची छपरं ओरडू लागली. आता गाडी सुटायची घाई कोणालाच नव्हती. मघाशी जी बाई पुलाबद्दल ओरडली होती, तीच आता सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होती. "अहो, बघताय काय? जा ना!"

ह्वांगने घड्याळ पाहिलं. "आई? याची कुठली—"

"दहा मिनिटं," गिल-नाम त्याला तोडत म्हणाला. "राख नीट पसरायला तेवढी लागतीलच."

देक-सू उतारावरून धावत सुटला. दोन वळणं खाली, एका दगडावर म्हातारी बसली होती. एका पायातला रबरी जोडा फाटला होता आणि ती त्याला गवताची दोरी गुंडाळत होती.

"आलास?" ती म्हणाली. जणू तो बाजारातून परत आला होता. "मी म्हणतच होते, येईल म्हणून. माझ्याजवळ दोघे जण थांबले होते, त्यांना मीच पुढे पाठवलं."

तो तिच्यापुढे पाठ करून खाली बसला. आढेवेढे न घेता ती पाठुंगळी बसली. रजईसकट तिचं वजन कोळशाच्या अर्ध्या पोत्याएवढंही नव्हतं. तो चढू लागला.

"आई, तुम्ही कुठल्या?"

"होंगचोनची."

"घरी कोण?"

"दोन मुलगे. एकाला या सैन्याने नेलं, एकाला त्या सैन्याने. दोघांनीही काही कळवलेलं नाही." तिने त्याच्या मानेवरची शाल सारखी केली. "धाकटा तुझ्याएवढाच आहे. असाच, कान उघडे टाकून हिंडतो."

बर्फात पाय रुतत होते. एकेक पाऊल उपसत तो वर सरकत होता.

"एक विचारू?" मग तो म्हणाला. "मी थांबलो नसतो तर?"

"तर काय? लोकांनी तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता."

"आणि तुम्ही? तुम्ही काय म्हटलं असतं?"

म्हातारीला हा प्रश्न खुळ्यासारखा वाटला असावा. तिने लगेच उत्तर दिलं, विचार करायला ती थांबलीच नाही.

"काय म्हणणार? म्हटलं असतं, वरून हुकूम आला असेल. थांबता आलं असतं तर थांबला असता माझा मुलगा. आई दुसरं काय म्हणणार?"

देक-सू जागच्या जागी उभा राहिला.

"दमलास का रे?" म्हातारी वाकून त्याचं तोंड बघायचा प्रयत्न करू लागली. "उतरव मला. चालते मी हळूहळू."

"नाही दमलो," तो म्हणाला.

वरून छपरांवरची माणसं ओरडून सांगत होती, सांभाळून आण, आईला सांभाळून आण. तो अजून तिथेच उभा होता. मग त्याने तिला पाठीवर नीट वर घेतलं आणि पुढचं पाऊल टाकलं.