‘चर्चा करावी’

“भाऊसाहेब, यात काही चुकलंय का?” प्रज्ञाने पुन्हा विचारलं.

काही चुकलं नव्हतं, तीच तर पंचाईत होती! विद्यापीठाच्या उपाहारगृहाचा करार. बेलापूरच्या केशरबाईंच्या बचत गटाला द्यायचा. मसुदा प्रज्ञाचा, तपासणी माझी. मी कलम न् कलम चाळून काढलं होतं. एक खोट सापडेल तर शपथ.

“बघतो म्हटलं ना. एवढी कसली घाई तुला?” मी खेकसलो.

ती येण्याआधी करार कक्षात सगळे मसुदे मीच करायचो. माझी फाइल विधी सल्लागार, लेखा विभाग असं फिरून शंका घेऊन माघारी यायची, मी दुरुस्त करायचो, ती परत जायची. मंजूर करारावर गोल शिक्का मसुदा करणाऱ्यानेच मारायचा, हा आमच्याकडचा रिवाज. मारताना मला कोण अभिमान वाटायचा! आणि ही कालची पोरगी. हिची फाइल एका फेरीत वर. कुलसचिव साहेब तिला “बसा मॅडम” म्हणतात. मी त्यांच्यासमोर जन्मभर उभाच. मग जळफळाट होणार नाही? मी काय दगड आहे?

मी पेन उघडलं आणि शेरा मारला, ‘चर्चा करावी’. आमच्याकडे या शेऱ्याला कारण द्यावं लागत नाही. साहेब बोलावतील तेव्हा बोलावतील, तोवर फाइल जागच्या जागी. त्या दुपारी डबा मला भलताच गोड लागला.

आठवडा उलटला आणि केशरबाई दारात.

“भाऊसाहेब, जुना करार संपत आला की वो. बाया रोज इचारत्यात, दुसरीकडं रोजानं जावं का म्हून. मी म्हनलं, थांबा. नव्या बाईचं मला म्हाईत न्हाई, पन भाऊसाहेब हायेत. ते आपल्याला अडवनार न्हाईत.”

तेवढ्यात साहेबांनी मला आणि प्रज्ञाला आत बोलावलं.

“बसा मॅडम. बोला भाऊसाहेब, कशावर चर्चा?”

काय बोलणार, कपाळ! मी फाइलची पानं उलटू लागलो.

“सर, चर्चा ठेवा असं मीच त्यांना म्हणाले होते,” प्रज्ञा पटकन म्हणाली. “गॅस महागला तर दर कसे वाढवायचे, ते कलम तुम्हाला तोंडी सांगायचं होतं.” तिने ते सांगितलं आणि साहेबांनी सही केली.

तिचा एवढा राग मला कधीच आला नव्हता. हुशारी तिची, मान तिचा आणि आता चांगुलपणाही तिचाच! माझ्यासाठी काही शिल्लक ठेवशील की नाही, बाई?

बाहेर केशरबाईंनी माझ्या टेबलाशी वाकून सही केली. प्रज्ञाने शिक्का माझ्यापुढे सरकवला. “मारा भाऊसाहेब.”

माझा हात पुढे गेलाही होता. पण समोर केशरबाई हसत उभ्या होत्या, मलाच हात जोडून.

“मसुदा तुमचा आहे,” मी म्हणालो आणि माझ्या खुर्चीतून उठलो. “बसा मॅडम. बसून मारला की नीट उमटतो.”

ती बसली. कागद सरकू नये म्हणून मी त्याचं टोक धरून उभा राहिलो. शिक्का पहिल्याच दाबाला गोल, स्वच्छ उमटला. माझा इतका स्वच्छ कधीच उमटला नव्हता.